चप्पल दिसते, पण ती कोल्हापुरी आहे हे कोण सांगणार?



जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला झळकल्या. वर्णन होतं नुसतं 'लेदर सँडल'. कोल्हापूरचं नाव नाही. २०१९ पासून जीआय मानांकन असलेल्या चपलेचं असं झाल्यावर आपण सगळे चिडलो, आणि चिडायलाच पाहिजे होतं. पुढं कंपनीनं भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं.

आता जरा स्वतःची वेबसाइट उघडा. आपण तरी आपल्या चपलेचं नाव नीट सांगितलंय का?

चप्पल लाइनमध्ये गिऱ्हाईक चप्पल हातात घेतं, घालून दोन पावलं चालतं, "कापशी हाय का?" म्हणून विचारतं. वेबसाइटवर हे सांगायचं काम पानामागच्या एचटीएमएलचं. आपण मात्र नाव मोठ्या लाल अक्षरात टाकतो, किंमत फोटोवरच छापतो आणि खूश होतो. पान दिसतं भारी! पण मशीनला ते फक्त मोठं लाल अक्षर. हे शीर्षक आहे, असं 'एच१' टॅग लावून सांगावं लागतं. रंग, आकार हे सीएसएसचं काम, ते नंतर.

याचा फटका कुणाला? दृष्टिहीन ग्राहक स्क्रीन रीडरवर पान ऐकतो आणि 'एच' बटण दाबत एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो. तुम्ही अक्षरं नुसती ठळक केली असतील, तर त्याला थांबायला जागाच नाही. 'खरेदी करा' हा नुसता रंगवलेला चौकोन असेल, खरं 'बटन' नसेल, तर बऱ्याचदा कीबोर्डवरून तो दाबताच येत नाही. म्हणजे पैसे द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत!

फोटोच्या 'ऑल्ट'मध्ये नुसतं 'चप्पल' लिहू नका. 'पुरुषांची कापशी कोल्हापुरी चप्पल, हातशिलाई, तपकिरी चामडं' असं लिहा. गूगललाही फोटो समजायला याचीच मदत होते. आणि हो, पान मराठीत असेल तर 'लँग'मध्ये 'एमआर' टाका. देवनागरी हिंदीचीही आहे, मशीनला कसं कळणार?

तपासणी सोपी आहे. कॉम्प्युटरवर फायरफॉक्समध्ये पान उघडा, 'व्ह्यू'मधल्या 'पेज स्टाइल'मध्ये जाऊन 'नो स्टाइल' करा. रंगरंगोटी गेल्यावरही कुठलं शीर्षक, कुठली किंमत हे कळतंय का बघा. नसेल कळत, तर वेबसाइट बनवणाऱ्याला आजच फोन लावा.