फिट्स आटोक्यात, पण मूल उदास?

मुहैस्नाहमधल्या (दुबई) मराठी पालकांसाठी

● दुखणे जोडीचे : अपस्मार (फिट्सचा आजार) असलेल्या मुलांत नैराश्य, भीती, चिडचिड जास्त आढळते. ब्रिटनमधील आइल ऑफ वाइट बेटावरच्या, १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मेंदूचा दुसरा आजार नसलेल्या अपस्मारग्रस्त मुलांपैकी सुमारे २९ टक्क्यांना मानसिक विकार होता. अशी लक्षणे लाड किंवा हट्ट म्हणून सोडून देऊ नका.

● औषधावर लक्ष : लेव्हेटिरासेटाम, फेनोबार्बिटाल या फिट्सवरील औषधांमुळे काही मुलांचा स्वभाव बदलतो. बदल कधी सुरू झाला, ते तारखेनिशी लिहा. गोळी परस्पर बंद करू नका; फिट्स उसळतात.

● कुठे जावे : आधी मेंदूविकारतज्ज्ञांना सांगा, त्यांच्याकडून बालमानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी घ्या. अल जद्दाफमधील अल जलीला बालरुग्णालयात दोन्ही विभाग आहेत. विम्यात मानसोपचार बसतो का, ते आधीच विचारा.

● भारतातून औषधे : क्लोनाझेपाम, फेनोबार्बिटाल अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत. निघण्यापूर्वी अमिरातीची सरकारी ऑनलाइन परवानगी काढा. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा.

● थांबू नका : फिट पाच मिनिटांहून लांबली, किंवा मुलाने स्वतःला इजा केली, तर रुग्णवाहिकेसाठी ९९८. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.