जीवशास्त्राचे दप्तर

‘८६०३२’ हा आकडा आपल्या जिल्ह्यातील ऊस उत्पादकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘को ८६०३२’ हे उसाच्या एका वाणाचे नाव. त्यातील ‘को’ म्हणजे कोइमतूर, ८६ हे साल आणि उरलेला अनुक्रमांक. पाडेगाव केंद्राच्या ‘फुले २६५’चे दप्तरी नाव ‘कोएम ०२६५’ असे आहे. तेथेही ठिकाण आणि साल नावातच गुंफलेले. बेण्याच्या मोळीवरची चिठ्ठी बदलली तर ऊस उगवेलच, पण तो कोणता हे ओळखणे तज्ज्ञालाही जड जाईल. ज्या विषयावर मी लिहीत आहे तो विषय म्हणजे ही चिठ्ठीच होय.

जैव अभियांत्रिकी हा शब्द अलीकडे वारंवार कानावर पडतो. पूल बांधणारा अभियंता जसा आधी नकाशा काढतो, आकडेमोड करतो आणि मग काम सुरू करतो, तसेच सजीव पेशीच्या बाबतीत करण्याचा हा उद्योग आहे. पेशीतील डीएनए हा ए, टी, जी, सी अशा चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द. असे शब्द होतात ६४. पण प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात ती मुख्यतः २०च. अर्थात एकाच अमिनो आम्लाला अनेक शब्द असतात. ल्युसीनला सहा, मेथिओनीनला मात्र एकच. आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटू नये. पाणी, जल, नीर, उदक यांचा अर्थ एक, पण कोठे कोणता शब्द शोभेल हे ठरलेले असते. पेशीचेही तसेच आहे. एका जीवाच्या पेशीला जो शब्द सवयीचा, तो दुसऱ्याच्या पेशीला अडखळवतो. म्हणून हवे ते प्रथिन भरपूर मिळावे यासाठी कोणते समानार्थी शब्द निवडावेत, हे आज संगणकावर ठरवतात.

जानेवारी २०२० मध्ये करोना विषाणूचा सुमारे ३० हजार अक्षरांचा मजकूर जगाला खुला झाला. त्यातील काट्यासारख्या प्रथिनाचा भाग १२७३ अमिनो आम्लांचा, म्हणजे चार हजारांहूनही कमी अक्षरांचा. विषाणू हाती नसताना, केवळ हा मजकूर वाचून, अमेरिकेत दोन-तीन दिवसांत लसीचा आराखडा तयार झाला. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने याच जातीची, पण साध्या शीतपेटीच्या तापमानाला टिकणारी लस तयार केली. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. एक नोंद व्यवस्थित लिहून सर्वांसाठी ठेवली गेली म्हणून हे घडू शकले, ही गोष्ट लसीच्या कौतुकात झाकून गेली असे मला वाटते.

अशा नोंदी ठेवण्याची परंपरा जुनी आहे. मार्गारेट डेहॉफ या विदुषीने १९६५ मध्ये ६५ प्रथिनांची यादी पुस्तकरूपाने छापली. आपल्याकडे पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये जैवमाहिती केंद्र सुरू झाले. त्याच विद्यापीठातील अशोक कोळसकर आणि त्यांचे सहकारी टोंगावकर यांनी १९९० मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रथिनाच्या कोणत्या भागाला शरीराची प्रतिकारशक्ती ओळखेल, याचा अंदाज ती वर्तवते. त्यासाठी त्यांच्यापाशी ३४ प्रथिनांतील प्रयोगसिद्ध असे १५६ तुकडे होते, एवढेच. त्यावर उभारलेली रीत सुमारे ७५ टक्के अचूक ठरली आणि आजही लसीचा विचार करणारे जगभरचे संशोधक ती वापरतात. आकडे थोडे होते, पण निवडून पारखून घेतलेले होते. ढीगभर अविश्वसनीय माहितीपेक्षा असे दीडशे दाणे बरे.

निष्काळजीपणाने काय होते, याचा एक मासला सांगण्याजोगा आहे. काही मानवी जनुकांची इंग्रजी नावे ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशी होती. हिशेबाच्या लोकप्रिय संगणकीय तक्त्यात ती भरली की तक्ता त्यांना मुकाट्याने तारखा समजे! २०१६ मध्ये झालेल्या तपासणीत, अशा तक्त्यांत जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत ही चूक सापडली. अखेर २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलण्यात आली. यंत्र हट्टी निघाले म्हणून बारसे पुन्हा करावे लागल्याचे हे उदाहरण विरळाच.

केवळ अक्षरे जपून भागत नाही, प्रत्यक्ष जीवही जपावे लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. त्यातील प्रत्येक जीवाला क्रमांक आहे. करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तकाला असतो तसाच. फरक इतकाच की येथील ‘पुस्तक’ उपाशी राहिले तर मरते. मजकुरासाठी २०२२ मध्ये फरिदाबादला भारतीय जैविक माहिती केंद्र उघडले. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती तेथे ठेवली असून जानेवारी २०२५ पासून ती संशोधकांना उपलब्ध होऊ लागली. तोवर आपल्याकडील संशोधकांना आपली माहिती बहुधा परदेशी कोठारांतच ठेवावी लागे.

इमारती आणि यंत्रे पैशाने उभी राहतील. मला काळजी वाटते ती चिठ्ठी लिहिणाऱ्याची. समजा, कोणी मातीचा नमुना घेतला, त्यातून उपयुक्त जिवाणू सापडला आणि नोंदवहीत ठिकाण लिहिले ‘शिरोली’. कोणती? हातकणंगले तालुक्यातील शिरोली पुलाची, की करवीरमधील शिरोली दुमाला? एकीला लागून कारखान्यांची वसाहत, दुसरीभोवती शेती. वीस वर्षांनी त्या जिवाणूचे गुण पाहून पुन्हा तेथील माती हवी झाली, तर नमुना घेणारा निवृत्त झालेला असेल आणि संगणकाला दोन्ही शिरोल्या सारख्याच. गावाचे नाव, तालुका, पिकाचे नाव, दिनांक हे सर्व ठरावीक यादीतूनच भरायचे, मनाला येईल तसे लिहायचे नाही, अशी व्यवस्था करणे हे संगणकतज्ज्ञाचे काम. पण त्या यादीत कोणते शब्द असावेत, ‘माळ’ आणि ‘मुरमाड’ एकाच रकान्यात बसतात की नाही, हे सांगायला आमच्या वर्गात बसणारे, मातीची नावे घरातच शिकलेले विद्यार्थी त्याच्याइतकेच लागतील.