चेंडूचा टप्पा

राजापूरच्या सड्यावर खेळणारी मुले चेंडू जोराने टाकण्यासाठीच धडपडतात. मूळ कोकणातील पालवणच्या घराण्यातले बाळू पालवणकर यांनी आधी टप्पा साधला. पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखीत आणि ग्रेग या फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकीत. काम कंटाळवाणे खरे. पण पाऊल, मनगट व बोटे प्रत्येक वेळी एकाच रीतीने वळली, तरच चेंडू हव्या त्या जागी पडतो. आखूड पडला, तर फलंदाजाला तो वळताना दिसतो. फलंदाजीची संधी मात्र बाळूंना तेथे मिळाली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तथापि अस्पृश्य गणलेल्या जातीत जन्मल्यामुळे हिंदू संघाचे नायकपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.