लिहिलंय 'मराठी', फोन वाचतो 'ई जे के बी एच'! विद्यापीठांच्या पीडीएफ अंध विद्यार्थ्यांना का वाचता येत नाहीत?

परीक्षेचं वेळापत्रक जाहीर झालं की पाच मिनिटांत ते कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं. पीडीएफ उघडायची, झूम करायची, आपला विषय शोधायचा. विषय संपला.

पण तीच पीडीएफ एखाद्या अंध विद्यार्थ्याने उघडली, तर फोन बऱ्याचदा गप्पच बसतो. नाहीतर भलतंच काहीतरी बडबडायला लागतो. फाइल तीच, फोनही चांगला. मग अडतं कुठे?

आधी हे समजून घ्या, अंध विद्यार्थी फोन वापरतात कसा?

स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर असतं. ते स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवतं. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए आहे, जे ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये बनवायला घेतलं. ते फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं.

फक्त एक गोष्ट आहे. स्क्रीन रीडर अक्षराचा आकार बघत नाही, तर अक्षरामागे साठवलेला कोड वाचतो. आणि मराठीचा घोळ नेमका इथेच आहे.

युनिकोड रुळायच्या आधी कॉम्प्युटरवर मराठी लिहायला एक जुगाड होता. कृतीदेव, शिवाजी, किरण अशा फॉन्टमध्ये कोड इंग्रजी अक्षराचाच राहायचा, फक्त दिसताना त्या जागी मराठी अक्षर दिसायचं. कृतीदेवमध्ये 'मराठी' टाइप करायचं तर 'ई' दाबून म, 'जे' दाबून र, 'के' दाबून काना, मोठा 'बी' दाबून ठ आणि 'एच' दाबून वेलांटी. कागदावर छापून निघालं की झकास मराठी. स्क्रीन रीडरला मात्र आत दिसतं 'ई जे के बी एच'. तो बिचारा तेच वाचतो.

युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड आहे, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. पण बऱ्याच ऑफिसांत हात जुन्या फॉन्टवर बसलेले आहेत, आणि जुन्या नोट्स आणि अभ्यासक्रम त्याच फॉन्टमध्ये पडून आहेत.

पण फॉन्ट बदलला की झालं का?

नाही. कारण परिपत्रकाचा प्रवास बघा. ते कॉम्प्युटरवर टाइप होतं. मग प्रिंट निघते. त्यावर सही होते, शिक्का बसतो. मग तो कागद स्कॅन होऊन वेबसाइटवर चढतो. म्हणजे जे अगदी व्यवस्थित वाचता येत होतं, त्याचा शेवटी फोटो झाला. फोटोत अक्षरं नसतातच, नुसते ठिपके असतात, म्हणून फोन गप्प बसतो. स्कॅनमधून अक्षरं ओळखणारी अॅप आहेत, पण तिरका कागद, शिक्क्याखाली गेलेली तारीख आणि तक्त्यातले रकाने आले की तीही गडबडतात. आणि परीक्षेची तारीख चुकीची ऐकू आली तर वर्ष जातं.

बाकीच्या अडचणी वेगळ्याच. फॉर्म भरताना वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा येतो आणि तो ऐकायची सोय नसते. जन्मतारखेचं कॅलेंडर फक्त माउसने चालतं, म्हणजे ज्याचा हात माउसवर स्थिर राहत नाही तोही अडकतो. आणि कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी कॅप्शन नसलेलं लेक्चर म्हणजे नुसते हलणारे ओठ.

'आधी अपलोड करू, मग बघू' म्हटलं की काय होतं?

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं उदाहरण यासाठी फेमस आहे. बर्कलीने हजारो लेक्चर्स जगासाठी फुकट ऑनलाइन टाकली होती. त्यातल्या अनेकांना कॅप्शन नव्हत्या किंवा आपोआप तयार झालेल्या चुकीच्या कॅप्शन होत्या. कर्णबधिरांच्या संघटनेने तक्रार केली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने विद्यापीठाला कळवलं की हे कायद्याला धरून नाही.

बर्कलीने हिशोब मांडला. एवढा जुना ढीग दुरुस्त करायचा खर्च अफाट होता. म्हणून मार्च २०१७ मध्ये २० हजारांपेक्षा जास्त ऑडिओ आणि व्हिडिओ लोकांसाठी बंदच केले. लोक चिडले, आणि राग निघाला तक्रार करणाऱ्यांवर. कॅप्शन आधीच का दिल्या नाहीत, हे विचारणारे कमी होते. शेवटी २०२२ मध्ये विद्यापीठाने आपलं ऑनलाइन साहित्य सुगम्य करायचं न्याय विभागाशी झालेल्या समझोत्यात मान्य केलं.

भारतात कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळावा, ही सरकारची जबाबदारी आहे. पण नियमांची भाषा बरीचशी 'केलं तर बरं' अशी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी खटल्यात यावर बोट ठेवलं आणि सक्तीचे नियम बनवायला सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये तर ऑनलाइन केवायसीच्या प्रकरणात, ज्यात अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलांनी दाद मागितली होती, कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

मग करायचं काय?

पैसा लागतो तो जुन्या ढिगाला. नव्या फाइलला फारसा लागत नाही. युनिकोडमध्ये टाइप करायचं, वर्डमध्ये शीर्षकाला नुसतं बोल्ड न करता हेडिंग स्टाइल द्यायची, चित्राखाली ते काय आहे हे दोन ओळींत लिहायचं. सहीची स्कॅन कॉपी हवीच असेल तर ठेवा, पण तोच मजकूर वेबपेजवर साधा टाइप करूनही टाका. युनिकोड मराठीच्या काही पीडीएफमध्येसुद्धा काना-मात्रा आतून मोडतात, त्यामुळे वेबपेज जास्त भरवशाचं.

तुमच्या कॉलेजची पीडीएफ कशी आहे हे तपासायला एक मिनिट पुरतं. त्यातली एक ओळ सिलेक्ट करून व्हॉट्सअॅपवर पेस्ट करा. ओळ सिलेक्टच झाली नाही तर तो फोटो आहे. इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर जुना फॉन्ट आहे. काना-मात्रा इकडे तिकडे उडाल्या असतील तर पीडीएफ बनवतानाच गडबड झाली आहे.

तोच कचरा स्क्रीनशॉट काढून कॉलेजला पाठवता येतो. तिथे दाद लागली नाही, तर दिव्यांग विद्यार्थ्याला पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.