भाडेकरूची पडताळणी : सुरक्षितता आणि समान संधी

२०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या नागरी भागात एक कोटीहून अधिक घरे रिकामी होती. घर परत मिळणार नाही ही घरमालकाची भीती, हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणूनच भाडेकरूची ओळख, उत्पन्न व पूर्वीचा पत्ता तपासला जातो. अनेक शहरांत पोलिसांना माहिती देणेही बंधनकारक असते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात लेखी करार अनिवार्य असून निवासी जागेची अनामत कमाल दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे. मात्र तो स्वीकारणे राज्यांवर अवलंबून आहे. निवडीत जात वा धर्म पाहिला गेल्यास काय? राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने व उपाहारगृहांचा उल्लेख आहे, खासगी घरांचा नाही. पडताळणी ओळखीची व आर्थिक क्षमतेची व्हावी, जन्माची नव्हे. अन्यथा रिकामी घरे आणि घराच्या शोधातील माणसे यांतील अंतर कायम राहील.