रंग बाहेर उजेडात बघू

सकाळी नऊ. पिंपरीला मेट्रोत बसायला जागा मिळते. दापोडी-बोपोडीपर्यंत खिडकीत ऊन असतं, शिवाजीनगरला गाडी जमिनीखाली शिरलेली असते, जिल्हा न्यायालय सोडलं की मुठेच्या पात्राखालून कसबा पेठ, आणि पुढचं स्टेशन मंडई. 29 सप्टेंबर 2024 ला हा भुयारी टप्पा सुरू झाला. त्याआधीची एकोणीस वर्षं मी स्कूटरवरून लक्ष्मी रस्त्याला येत होते. दुकानात पोचल्यावर पहिली दहा मिनिटं कुणाशी बोलायची नाही, कारण तोंडातून चांगलं काही निघायचं नाही.

साडेनऊच्या पुढे मंडई. सरकत्या जिन्याने वर आलं की जवळच ती अष्टकोनी इमारत. 1886 साली ती उघडली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणायचे. महात्मा फुल्यांचं नाव नंतरचं. आता तिच्या शेजारी स्टेशन आलंय. मेट्रोभोवती शहर कसं वाढवायचं याला हल्ली टीओडी म्हणतात. आधी स्टेशन, मग त्याच्या आसपास घरं आणि बाजार, अशी ती कल्पना. आमच्याकडे उलटं झालं. बाजार जवळजवळ एकशे चाळीस वर्षं वाट बघत बसला होता, गाडी आत्ता आली.

मी मुद्दाम तुळशीबागेतून चालत जाते. या वेळी पितळी समया आणि तांब्याचे बंब पुसायचं काम चालू असतं, भातुकलीचे डबे ओट्यावर मांडले जात असतात. या बोळांत चारचाकी शिरतच नाही. आणि सगळ्या पुण्यात याच बोळांत पाय ठेवायला जागा नसते! तुळशीबागेत पार्किंग नाही म्हणून धंदा बसला, असं कुणी म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. गणपती चौकात बाहेर पडून लक्ष्मी रस्त्याला लागलं की मात्र पहिला हॉर्न ऐकू येतो.

दहा वाजता कुंटे चौकाच्या पुढे आमचं मॅचिंग सेंटर. सासऱ्यांनी टाकलेलं. रुंदी एवढीच की दोन बायका काउंटरशी उभ्या राहिल्या की तिसरीने पायरीवर थांबायचं. ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल, लेस. शटर वर, उंबरठ्यावर पाणी, लहानशी रांगोळी, गल्ल्याला नमस्कार. मामा माझ्याआधी आलेले असतात. ते सासऱ्यांच्या वेळचे. मला 'वहिनी' म्हणतात आणि रंगांच्या बाबतीत माझं ऐकत नाहीत. टेम्पोतून आलेले सुरतेचे गठ्ठे त्यांनी हमालाकडून आत घेतलेले असतात. माल याच वेळेला यावा लागतो. अकरानंतर टेम्पो थांबला की मागे अलका चौकाकडे निघालेली अख्खी रांग तुंबते.

साडेदहा. आता दिवसातलं सगळ्यात अवघड काम, म्हणजे खरं बोलणं. एका सकाळी पायरीवर उभं राहून मी आमच्या आणि शेजारच्या दुकानासमोरच्या दुचाकी मोजल्या. अकरा होत्या. गिऱ्हाईक एकही आलेलं नव्हतं. मग या कुणाच्या? दोन शेजारच्या काकांच्या दुकानातल्या पोरांच्या, एक खुद्द काकांची, एक वरच्या मजल्यावरच्या शिंप्याची, एक चहावाल्याची. सात तर मला मालकांसकट ओळखू आल्या. आणि मेट्रो यायच्या आधी आठवी माझीच असायची. सकाळी लावलेली, रात्री काढलेली. वर्षानुवर्षं आम्ही दुकानदारांनी निवेदनं दिली: गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा द्या. जागा होती. तिच्यावर आम्हीच बसलो होतो.

साडेअकराला भवानी. भोसरीहून एक ताई आणि तिची आई. आईच्या लग्नातली वांगी रंगाची पैठणी, मुलीला नेसायची आहे, जुना ब्लाउज अंगात जात नाही. मामांनी तीन तागे टाकले. ट्यूबलाइटखाली तिन्ही तेच. शेड कार्डावरही बोट ठरेना. अशा वेळी काय करायचं हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात: तागा खांद्यावर टाकायचा, साडीचा पदर हातात घ्यायचा आणि रस्त्यावर उजेडात यायचं. बाहेर एक तागा जांभळाकडे झुकला, एक तर चक्क काळपट निघाला. तिसऱ्याकडे बघून आई म्हणाली, "हाच. आमच्या वेळी असाच होता."

एवढं कळायला अर्धं मिनिट लागतं. पण तेवढं अर्धं मिनिट उभं राहायला जागा लागते. आम्ही तिघी दोन मोटरसायकलींच्या मधे तिरक्या उभ्या होतो, एका हातात पदर, दुसऱ्या हाताने हँडल लोटत. गेल्या लग्नसराईत असंच उभं असताना एका गिऱ्हाइकाचा पदर गाडीच्या आरशात अडकला आणि काठाची जर ओढली गेली. पैसे मी दिले. गाडीवाला कोण ते कळलंच नाही. तेव्हापासून पदर मी स्वतःच धरते.

दुपारी एक ते चार. हसू नका, आमचं दुकान आता उघडं असतं. पूर्वी गिऱ्हाईक एकदा पेठेत आलं की अडकायचं, चारपर्यंत थांबायचं. मेट्रोने आलेली बाई घड्याळ बघून येते. दुकान बंद दिसलं तर ती परत जाते, थांबत नाही. डबा मी काउंटरखालीच खाते.

या निवांत वेळात मला 11 डिसेंबर आठवतो. महापालिकेने 2021 पासून तो पादचारी दिन म्हणून पाळायला घेतला आणि नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा दिवसभर वाहनांना बंद ठेवला. पहिल्या वर्षी आम्ही सगळे कुरकुरत होतो. एक दिवसाचा धंदा गेला म्हणत होतो. रस्त्यात रांगोळ्या होत्या, पोरं खेळत होती, बसायला बाकं होती. आणि माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की बायका रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून साड्या उजेडात धरतायत. धक्का न लागता. मामा तागा घेऊन पार समोरच्या फुटपाथपर्यंत गेले आणि तिथून ओरडून रंग सांगायला लागले. संध्याकाळी गल्ला मोजला. नेहमीपेक्षा थोडा जास्तच भरला. फार नाही. पण बुडाला तर मुळीच नव्हता.

एक दिवसाची हौस वेगळी आणि रोजचं वेगळं, हे मलाही कळतं. रोजचं कसं असतं ते मी दिल्लीला पाहिलंय. लेससाठी मी चांदनी चौकातल्या किनारी बाजारात जाते. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा तो सव्वा-दीड किलोमीटरचा रस्ता सप्टेंबर 2021 मध्ये नवा करून उघडला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी. सायकलरिक्षा आणि हातगाड्या चालतात, मालाचे टेम्पो रात्री येतात. मेट्रोतून उतरायचं आणि चालायचं. दुचाकी मधूनच घुसतात, पोलीस मधूनच नसतो, आणि पथाऱ्या पसरतात. म्हणजे सगळं गोमटं नाही. पण मी तिथे तीन तास उभ्या-उभ्या खरेदी केली आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही. लक्ष्मी रस्त्यावर असं करून बघा.

पाच वाजता खरी वेळ सुरू होते. पथारीवाले फुटपाथवर मोजे आणि रुमाल मांडतात. आमचे काही दुकानदार त्यांच्यावर चिडतात. मी चिडत नाही. मोज्यांपाशी थांबलेली बाई मान वर करते तेव्हा तिला माझी पाटी दिसते. पंचवीसच्या वेगाने जाणाऱ्या स्कूटरवाल्याला ती कधी दिसली नाही.

सव्वापाचला टोइंगची गाडी आली, भोंगा वाजला, आणि वरच्या मजल्यावरून शिंपी गळ्यात टेपसकट धावला. वाचला. गाडी पुढच्या चौकात नेऊन लावली आणि दहा मिनिटांनी पुन्हा इथेच आणली. मग एक काकू, वय सत्तरच्या पुढे, काठी टेकत आल्या. मुलाने कुमठेकर रस्त्यावर कुठेतरी सोडलं होतं. "रस्ता बंद करा म्हणता तुम्ही, मी कशी येऊ?" असं त्यांनी तोंडावर विचारलं. बरोबर विचारलं. गाड्या बंद करायच्या तर चौकापासून दारापर्यंत म्हाताऱ्या माणसांना आणणारं छोटं विजेचं वाहन हवं, सावली हवी, दर पन्नास पावलांवर बसायला बाक हवं, स्वच्छतागृह हवं. ते न करता नुसते बॅरिकेड लावले तर काकू खरंच यायच्या बंद होतील. आणि बंद केलेल्या गाड्या कुमठेकर आणि केळकर रस्त्यावर जाऊन बसणार, तिथल्या लोकांनी काय पाप केलंय?

साडेसातला शेजारचे काका चहा घेऊन पायरीवर आले. त्यांचा विषय वेगळा: एफएसआय, म्हणजे जागेच्या किती पट बांधता येतं ते. स्टेशनपासून पाचशे मीटरच्या आत चारपर्यंत मिळू शकतो, म्हणून आमच्या इमारतीत रोज अंतर मोजणं चालू आहे. कुणी मंडईच्या जिन्यापासून मोजतो, कुणी नकाशावरून. काकांना वाटतं सोनं झालं. मला धास्ती वेगळी. वाडा पडला, वर टॉवर आला आणि तळमजल्याचं भाडं चौपट झालं तर तिथे कोण येईल? मोबाइलवाला येईल, कॉफीवाला येईल. दोन मीटर अस्तर विकणारी मी येणार नाही. चालायला छान रस्ता, आणि त्यावर चालत येण्यासारखं दुकान नाही, असं झालं तर ती मेट्रो काय फक्त फोटो काढायला?

काका म्हणाले, "तरी पार्किंग हवंच."

"काका, तुमची गाडी कुठाय?"

ते हसले. समोरच होती.

रात्री नऊ. तागे गुंडाळून मांडणीवर, गडद रंग तळाला, उजळ वर. मामा पायरी झाडतात. रांगोळी कधीच पुसली गेलेली असते. मंडईपर्यंत चालायला मला आठ-दहा मिनिटं लागतात आणि या वेळी रस्ता मोकळा असतो, म्हणून मी मधून चालते.

मॅचिंगला येणार असाल तर साडी बरोबर आणा, फोटो नको. मंडईला उतरा आणि साडेपाचच्या आत या. डिसेंबरात त्यानंतर बाहेर रंग नीट दिसत नाही.