आईला तू, सासूला तुम्ही

आई राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेहून बेंगळुरूला आली, मेट्रोने सिंगय्यनपाळ्याला उतरली आणि महादेवपुऱ्यातल्या आमच्या नवव्या मजल्यावर तिसऱ्याच दिवशी कंटाळली. खाली उतरून बोलायचं कुणाशी? माझ्या दिवसभर मीटिंगा. एका रविवारी फिनिक्स मॉल दाखवून आणला. सरकत्या जिन्याला ती घाबरली, मी घड्याळ बघत होते.

तेव्हाच यासुजिरो ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ आठवला. ओनोमिचीचे म्हातारे आईवडील टोकियोत मुलांकडे येतात आणि मुलांना वेळ नसतो, एवढीच गोष्ट. आईला इंग्रजी सबटायटल्स झेपणार नव्हती. कंपनीच्या कामासाठी मी जपानी शिकलेली आहे, म्हणून मराठी सबटायटल्स स्वतःच करायला घेतली. तीन आठवडे रोज रात्री लॅपटॉप घेऊन बसले, आई शेजारच्या खोलीत एकटी. हा विनोद माझ्या लक्षात यायला दुसरा आठवडा उजाडला.

काम तसं कारकुनी आहे. फाइलमध्ये क्रमांक, वाक्य कधी उमटणार आणि कधी पुसणार ती वेळ, खाली मजकूर. एका वेळी फार तर दोन ओळी. आई सावकाश वाचते, म्हणून एखादं विशेषण छाटायचं, पुन्हा चालवून बघायचं, पुन्हा छाटायचं. जोडाक्षरांची गर्दी झाली की तिचा डोळा अडखळतो, हेही हळूहळू कळलं.

आधी इंग्रजी सबटायटल्सवरूनच मराठी करत होते, पण ते बसेना. जपानीत क्रियापद शेवटी येतं, मराठीतही. माणूस अडखळत वाक्याच्या टोकाला पोचतो आणि तिथे खरं काय ते बोलतो. इंग्रजी ते आधीच सांगून मोकळी होते. मग इंग्रजी फाइल बंद केली आणि कानाने लिहायला लागले. म्हातारा सारखा ‘सो का’ म्हणतो, म्हणजे ‘असं का’. प्रश्नाचा ‘का’ दोन्ही भाषांत त्याच जागी, त्याच उच्चाराचा. वाक्याच्या शेवटी येणारा ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’.

बायको नवऱ्याला ‘ओतोसान’ म्हणते, शब्दशः ‘बाबा’. इथे मात्र मी पाच मिनिटंसुद्धा घालवली नाहीत. ‘अहो’ लिहिलं.

अडले ते नोरिकोपाशी. ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको, सेत्सुको हाराने केलेली. पोटची मुलं आईला ‘ओकासान’ म्हणतात, नोरिको ‘ओकासामा’. एका अक्षराचा फरक आणि त्यात सगळं नातं. आधी ‘मामंजी’, ‘सासूबाई’ लिहून पाहिलं. आई म्हणाली, “तोंडावर सासूबाई कोण म्हणतं गं?” खरंच होतं. शेवटी दोघींच्या तोंडी ‘आई’च ठेवलं आणि क्रियापदं बदलली. थोरली मुलगी शिगे म्हणते ‘तू बस’, नोरिको म्हणते ‘तुम्ही बसा’. तू म्हणणारी आईवडिलांना आतामीच्या स्वस्त, गोंगाटाच्या हॉटेलात धाडून देते. तुम्ही म्हणणारी रजा काढून त्यांना टोकियो दाखवते, सासूला आपल्या एका खोलीत निजवते. मीही आईला तूच म्हणते.

ओझू आणि कोगो नोदा यांनी ही पटकथा चिगासाकीच्या एका जपानी लॉजमध्ये राहून १०३ दिवसांत लिहिली. सबटायटल्स करताना त्या दिवसांचा हिशोब लागतो, कारण सैल वाक्य सापडतच नाही. युहारू अत्सुताचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली आणि जवळजवळ पूर्ण वेळ स्थिर. सत्तरीचा म्हातारा झालेला चिशू र्यू तेव्हा ४९ वर्षांचा होता. त्याचा डॉक्टर मुलगा झालेला सो यामामुरा त्याच्याहून जेमतेम सहा वर्षांनी लहान. आईला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. “बसतो बघ कसा, पाठीतनं म्हातारा झालाय,” म्हणाली.

सिनेमा सुरू होतो तो सामानाच्या बांधाबांधीने. हवेची उशी कुठाय, यावरून नवराबायकोचं चाललंय. मी तुझ्याकडे दिली, तो म्हणतो. माझ्याकडे नाही, ती म्हणते. मध्येच खिडकीतून शेजारीण डोकावते. उशी निघते त्याच्याच सामानात. ‘आहे, आहे’ एवढंच म्हणतो, चूक कबूल वगैरे काही नाही. या दोन शब्दांसाठी मी संध्याकाळ घालवली होती. आई ते वाचून हसली. “तुझे बाबा असेच होते.”

मध्ये एकदा म्हणाली, “हा आपला ‘तू तिथे मी’च की.” संजय सूरकरांचा १९९८चा तो चित्रपट तिने थिएटरात पाहिलेला. त्यात मुलांच्या घरांपायी मोहन जोशी आणि सुहास जोशींची ताटातूट होते. इथे म्हातारीच्या मरणाआधीची ताटातूट एका रात्रीची. पण ती रात्र आईने हातातला चहा न पिता पाहिली.

अंत्यविधीनंतर जेवताना शिगे आईची उन्हाळी ओबी, म्हणजे किमोनोवर बांधायचा कापडी पट्टा, मागते, आठवण म्हणून. ओबीला काय लिहावं? कंबरपट्टा म्हटलं तर सोनाराचं दुकान डोळ्यांपुढे येतं. ओबीच ठेवलं आणि आईला समजावायला तोंड उघडलं.

“कळलं मला,” ती म्हणाली. “इरकल मागतीय.”

१९५३चा हा सिनेमा २०१२ साली जगभरच्या दिग्दर्शकांनी ‘साइट अँड साउंड’ या सिनेमासिकाच्या मतदानात पहिल्या क्रमांकावर ठेवला. तुम्ही बघणार असाल तर सवा दोन तास मोकळे ठेवा आणि वेळेवर बसा. हवेची उशी अगदी सुरुवातीलाच येते.